मोडेम घेताना खोक्यावरचा '५६के' पाहू नका

(डायल-अप इंटरनेटच्या काळातले पत्र)

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

संगणकाच्या जाहिरातींत हल्ली 'इंटर्नल मोडेम मोफत' असे ठळक छापलेले असते. मोडेम म्हणजे संगणकाला टेलिफोनच्या लाइनवरून इंटरनेटशी जोडणारे यंत्र; इंटर्नल म्हणजे संगणकाच्या आतच बसवलेला. पाटण, मेढा, महाबळेश्वरकडच्या वाचकांनी त्याला भुलू नये, यासाठी हे पत्र.

या स्वस्त मोडेमना बहुधा स्वतःचा सिग्नल प्रोसेसर (सिग्नलचे गणित करणारी चिप) नसतो. खरखरीतून सिग्नल वेगळा काढण्याचे सगळे गणित ड्रायव्हरमार्फत (मोडेम चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमार्फत) संगणकाच्या प्रोसेसरवर पडते. सातारा शहरात टेलिफोन एक्सचेंज जवळ असेल, लाइन स्वच्छ असेल, तर काही बिघडत नाही. आमच्याकडे मात्र जून लागला की टेलिफोनच्या तारा जोडलेल्या डबीत पाणी जाते, तारांचे सांधे गंजतात आणि रिसीव्हर उचलताच खरखर ऐकू येते. मग मोडेम सारखा थांबून लाइनचा नव्याने अंदाज घेत बसतो. त्यातच प्रोसेसर दुसऱ्या कामात गुंतला की कनेक्शन तुटते. पुन्हा डायल केले की कॉलचा मीटर पुन्हा पडतो! त्याच लाइनवर संगणकाच्या सिरीयल पोर्टला (बाहेरची यंत्रे जोडण्याच्या खाचेला) लावलेला बाहेरचा मोडेम हळू का होईना, पण टिकून राहिलेला मी पाहिला आहे. खरेदीच्या वेळी जो पैसा वाचतो, तो असा फोनच्या बिलात जातो.

५६के, म्हणजे सेकंदाला ५६ किलोबिट, हा व्ही.९० या मोडेमच्या मानकाचा वेग फक्त आपल्याकडे येणाऱ्या माहितीचा, तोही उत्तम लाइनवर. जाणाऱ्या माहितीला ३३.६ किलोबिटच्या वर वाव नाही. ज्यांनी स्वस्त मोडेम घेतलाच आहे, त्यांनी माहितीपुस्तिकेतली आज्ञा वापरून तो व्ही.३४ या जुन्या, हळू मानकावर बांधून ठेवावा आणि व्ही.४२ ही चूक-दुरुस्ती चालू ठेवावी. मग खराब आलेला तुकडा पुन्हा मागवला जातो, फाइल बिघडत नाही. मोडेमच्या एक्स्ट्रा सेटिंग्जमध्ये 'एस१०=५०' लिहिले, तर बरेच मोडेम क्षणभर सिग्नल गेला तरी लगेच फोन ठेवत नाहीत. कॉल वेटिंग बंद करावे, आणि त्याच लाइनवरचा दुसरा (पॅरलल) फोन काढून एकदा पाहावे.

विक्रेत्यांना विनंती आहे, की मोडेम गिऱ्हाइकाच्या घरच्या लाइनवर चालवून दाखवा, न टिकल्यास बदलून द्या. टेलिफोनवाल्यांनाही सांगणे आहे. तक्रार केली की लाइनमन येतो, "बोलता येतंय ना?" एवढे विचारतो आणि तक्रार मिटल्याचे लिहून जातो. बोलण्यातली खरखर कान सोसतो, मोडेमला ती सोसत नाही. डेटा तुटतो ही तक्रार स्वतंत्र बिघाड म्हणून नोंदवावी आणि डब्या व सांधे मे महिन्यातच तपासून घ्यावेत.

आपला,
एक वाचक, पाटण (जि. सातारा)