चि. वृंदा हीस, माणकीच्या खुराकाबद्दल

लष्कर, ग्वाल्हेर
८ नोव्हेंबर

चि. वृंदा हीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू फोन आपटलास. तुझी आई म्हणते, तुम्ही फोनवर बोलता कमी आणि ओरडता जास्त, काय सांगायचं ते लिहून पाठवा. म्हणून लिहायला बसलो. ज्यावरून वाजलं त्याबद्दल अवाक्षर काढणार नाही असं तिला कबूल केलंय. फक्त घोडीबद्दल लिहितो, तेही शेठची लठ्ठ माणकी त्यांच्या घरच्या लग्नाच्या वरातीआधी बारीक कशी करायची, असं तू विचारलं होतंस म्हणून.

फोटो अभयने मोठे करून दाखवले. जनावर देखणं आहे, यात वाद नाही. काठेवाडीच ती, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, डोळा केवढा! पण आयाळीखाली मानेवर चरबीचा वरवंटा चढलाय आणि तो एका बाजूला कलायला लागलाय. शेपटीच्या मुळाशी फुगवटा, खांद्यामागे फुगवटा. बरगडी फोटोत कळत नाही, ती हातानेच बघ. आधी आपला पंजा पालथा धरून त्यावरून दुसऱ्या हाताची बोटं फिरव. तिथे हाडं जेवढी लागतात तेवढ्याच सहज बरगड्या लागायला हव्यात. दाबून शोधाव्या लागल्या तर समज. हेनेके नावाच्या अमेरिकन माणसाने १९८३ मध्ये घोड्याच्या अंगावरची चरबी मोजायला १ ते ९ अशी पट्टी बसवून दिली, ५ म्हणजे ठीक, ९ म्हणजे हद्द. माणकी मला ८ च्या घरात दिसते. आमचे जनावरांचे डॉक्टर ती पट्टी न बघता नुसता हात फिरवून आकडा सांगायचे आणि मी रजिस्टरात लिहायचो. तीस वर्षं कंपाउंडरकी केली ती फुकट गेली नाही, एवढंच.

तू सांगितलेल्या मापांवरून हिशोब केला. छातीचा घेर १७० सेंटिमीटर, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी १४५. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ११,८८०. येतात ३५३ किलो. आकडा अगदी काट्यावरचा नसतो, पण दर आठवड्याला त्याच वारी, त्याच वेळी, तूच टेप धरलीस तर उतार लागलाय की नाही ते कळतं. तिच्या हाडापेराला ३१० च्या आसपास शोभेल. म्हणजे चाळीसेक किलो उतरवायचे. आठवड्याला वजनाच्या अर्धा ते एक टक्का, म्हणजे पावणेदोन ते साडेतीन किलो, यापेक्षा जास्त उतरवायला जाऊ नकोस. सरळ गणित कर. शेठच्या घरचं लग्न फेब्रुवारीच्या मध्यात, तोवर चौदा आठवडे. सगळं मनासारखं झालं तर कसंबसं जमेल, नाही तर अर्धंच होईल. हे त्यांना आत्ताच, तोंडावर सांग. वरातीला घोडी भाड्यानेही मिळते, बडोद्यात काय तोटा आहे?

आता खुराक. दोन वेळा चणे-जवाची चंदी, वर गूळ, आणि शेठाणीच्या हातची तूप लावलेली बाजरीची भाकरी. वाचूनच मला ढेकर आला. चंदी बंद, गूळ बंद. भाकरीचं मात्र शेठाणीला नीट समजाव, मोठ्या घरची बाई, दुखावली तर तुलाच जड जाईल. खाऊ घालायचंच असेल तर काकडीची एक फोड घाला म्हणावं, आणि खरारा त्यांच्या हातात दे. घोडीला दोन्ही सारखंच. लसूणघासही, तिकडे रजको म्हणतात तो, सध्या नको. नुसतं वाळलेलं गवत, तेही तोलून. वजनाच्या दीड टक्का कोरडा चारा, म्हणजे वाळल्या गवतातला ओलावा धरून तुझ्या घोडीला दिवसाला सहा किलोच्या आतबाहेर गवत. स्प्रिंगचा काटा घे, अंदाजाने पेंढी उचलून टाकू नकोस. साईसाची पेंढी आणि तुझी पेंढी यात किलोभराचा फरक पडतो.

आणि याच्या खाली जायचं नाही. हे मी लाल शाईने लिहिलं असतं, पण घरात लाल पेन सापडत नाही. लठ्ठ घोडा एकदम उपाशी ठेवला की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत बसतं आणि जनावर हातचं जातं. घोड्याच्या जठरात आम्ल रात्रंदिवस झरत असतं, पोट तासन्‌तास रिकामं राहिलं की आत जखमा होतात. म्हणून सहा किलोचे चार-पाच भाग कर, बारीक भोकांच्या जाळीत भर, लागलं तर जाळीवर जाळी चढव. जे अर्ध्या तासात संपायचं ते दोन तास पुरेल. रात्रीचा भाग सगळ्यात मोठा ठेव. बदल मात्र दहा-पंधरा दिवसांत हळूहळू कर, एका दिवसात नाही. गवत तासभर पाण्यात भिजवून दिलंस तर त्यातली साखर बरीच निघून जाते. ते पाणी फेकून दे, तिला प्यायला देऊ नकोस. तिकडच्या उकाड्यात रात्रभर मात्र भिजत घालू नकोस, आंबतं. भिजवण्यात क्षारही जातात, तेव्हा घोड्यांचं मिनरल मिक्श्चर आणि मिठाचा खडा हवाच. गाईम्हशींचं मिक्श्चर स्वस्त पडतं म्हणून आणू नका, त्यात कधी कधी मोनेन्सिन नावाचं औषध असतं. गाईला ते पचतं, घोड्याला मारतं.

पहिले काही दिवस माणकी चिडेल. दार कुरतडेल, बिछाना खाईल, तुझ्याकडे बघून दार ठोठावेल. तुझा जीव तुटेल, मला माहीत आहे. तू लहानपणी ताटातली पोळी खिडकीतून गाईला द्यायचीस आणि भूक लागली म्हणून रात्री रडायचीस.

यापुढचं मात्र नीट वाच. चाल सुरू करायच्या आधी खुरं बघ. रोज सकाळी. हात लावून गरम लागतात का, टाचेच्या वर मागच्या बाजूला नाडी ठणकते का, कडक जमिनीवर पावलं आखूड टाकते का, पुढचे पाय पुढे काढून वजन मागे टाकते का. खुरावर टाचेकडे रुंद होत गेलेल्या रेघा असतील तर आधीही एखादा झटका येऊन गेलेला असू शकतो. अशा मानेच्या घोडीला लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतली सूज, व्हायला निमित्त पुरतं. यातलं काहीही दिसलं तर व्यायाम बंद, मऊ बिछाना, आणि डॉक्टर. इन्शुलिनसाठी रक्त आधीच तपासून घ्यायला सांग.

तात्यांची चंदा तू पाहिली नाहीस. टांग्याची घोडी, महाराज बाड्यापासून स्टेशनपर्यंतचा रस्ता डोळे मिटून जायची. एका रात्री दावं सोडवून कोठीत शिरली आणि चण्याचं पोतं फस्त केलं. सकाळी चालत होती, म्हणून तात्या निर्धास्त. पुढच्या पहाटे जागची हलेना. तात्या रात्रभर तिच्या पुढच्या पायांना ओलं गोणपाट गुंडाळून बसले होते. ते गरम व्हायचं, तात्या सोडायचे, हौदात बुडवायचे, परत गुंडाळायचे. मी कंदील धरून. ती टांग्याला पुन्हा लागली नाही. टांगा विकला त्या दिवशी तात्यांनी चाबूक तेवढा ठेवून घेतला. तो अजून माळ्यावर आहे, आणि तुझी आई दर दिवाळीला तो टाकून द्या म्हणते.

असो. खुरं ठीक असतील तर पहिले दोन आठवडे पाठीवर बसायचंच नाही. हातात धरून चालवायची, सकाळ-संध्याकाळ वीस-पंचवीस मिनिटं, मऊ जमिनीवर. मग थोडी थोडी दुडकी. लांब दोरीवर फिरवलीस तर गोल मोठा ठेव आणि लवकर आटप, वजनदार घोड्याचे सांधे लहान गोलात दुखावतात. पुढे आठवड्यातून निदान पाच दिवस, अर्धा तास, त्यात श्वास चढेल इतकी दुडकी, असं गाठायचं. चरबी असलेलं अंग लवकर थंड होत नाही, म्हणून उजाडता उजाडता बाहेर काढ आणि नाकपुड्या शांत होईपर्यंत चालवून मगच बांध.

बसायला लागशील तेव्हा एक लक्षात ठेव. लठ्ठ घोड्याला खांद्याचा उंचवटा राहत नाही, सगळं गोल. खोगीर जागेवर टिकत नाही, वळणावर सरळ पोटाखाली फिरतं. तंग आवळून उपयोग नसतो. आणि वजन उतरायला लागलं की तेच खोगीर सैल पडतं, पुन्हा बघावं लागतं. तेव्हा पहिले काही दिवस साईसाने लगाम धरून बरोबर चालावं. मैदानावर तू एकटी

बघ, आलंच. नको म्हणत होतो.

आलंच आहे तर आता पूर्ण करतो. दोन वर्षांपूर्वीच्या त्या सकाळी मी दवाखान्याच्या फाटकाशी चहा पीत होतो, तेव्हा रस्त्याने घोडा आला. खोगीर बाजूला लटकलेलं, रिकीब जमिनीवर खडखडतेय, आणि वर कुणी नाही. तो घोडा मी ओळखला. तू कुठे पडली असशील ते सांगायला एक माणूस त्या मैदानावर नव्हता. अभय आणि मी स्कूटरवरून तुला शोधत हिंडलो. सापडलीस तेव्हा लिंबाखाली बसून हात छातीशी धरून म्हणालीस, ‘नाना, घोडा कुठाय?’ कॉलरबोन जुळलं. माझं काही जुळलं नाही अजून. तू म्हणतेस तसं मी नेहमी तेच तेच उगाळतो. खरं आहे. पण तू पहाटे पाचला, कुणी नसताना घोडी बाहेर काढतेस, आणि ते मला बडोद्याहून मालूआत्याकडून कळतं. हेल्मेट घालतेस एवढं तू सांगितलंस, मी विश्वास ठेवला.

आणखी एक. माणकी हलकी झाली की तिच्या अंगात येईल. आत्ता ती ठोंबी आहे, म्हणून गरीब वाटते. तू तुझं काम जितकं चोख करशील तितकी ती उड्या मारेल. थंडीच्या एका सकाळी, चांगली खुशीत, चारी पाय वर. ते बघून मला खूप बरं वाटेल, आणि त्याच वेळी… पुरे. भाषण झालं, माफ कर. आईने वाचलं तर हे पान फाडायला लावेल.

सरळ सांगतो, बँकेची परीक्षा सोडून तू तबेल्यात नोकरी धरलीस तेव्हा मी गप्प बसलो ते नाराजीने नाही. लोक विचारतात, मुलगी काय करते? मी म्हणतो, घोडे सांभाळते. आधी हसतात. मग मी त्यांना सांगतो की काठेवाडात ज्यांच्याकडे पिढीजात घोडे, त्या शेठजींनी आमच्या मुलीच्या हातात आपली घोडी दिली. परवा अचलेश्वराच्या देवळाबाहेर एकाला इतकं सांगितलं की त्याची बस चुकली.

आपला ग्वाल्हेरचा मेळा पुढच्या महिन्यात लागेल. माधवराव शिंदे महाराजांनी १९०५ मध्ये सुरू केला तेव्हा तो जनावरांचाच बाजार होता. आता झुले आणि गाड्यांची दुकानं. तू सहा वर्षांची असताना तिथे एका पांढऱ्या घोडीपुढे तिळाची गजक धरलीस. हात सपाट, बोटं मिटलेली, मी शिकवलं होतं तसं. तिने गजक खाल्ली आणि वर तुझ्या वेणीची लाल रिबीन ओढून चघळायला लागली. मी ओरडलो, घोडेवाला ओरडला, तू मात्र हलली नाहीस. तिचं तोंड धरून हळूहळू रिबीन बाहेर काढलीस, ओल्या चिंधीसारखी, आणि परत वेणीला बांध म्हणून हट्ट धरलास. दिवसभर तशीच हिंडलीस. तुझी आई वास येतो म्हणून शेजारी बसेना. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ही काही बँकेत बसणार नाही.

मालूआत्याकडे रविवारी जेवायला जात जा. दांडिया बाजार तुझ्या तबेल्यापासून लांब आहे हे मला माहीत आहे, पण ती वाट बघते, आणि मग फोन मला करते. आईने चिवडा आणि तिळाचे लाडू अभयच्या मित्राबरोबर पाठवलेत. लाडू तुझे, माणकीचे नव्हेत.

पुढच्या रविवारी टेप लावलीस की घेर सांग. पहिल्या आठवड्यात काहीच उतरलं नाही तर घाबरून गवत कमी करू नकोस, तीन आठवडे बघ, मग मला विचार. आणि त्या साईसाचा नंबर पाठव. त्याला मी काही विचारणार नाही, फार तर गवताबद्दल.

तुझे
नाना