घर घेताना पागोळ्यांच्या दिवसांत या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

मुंबईतून निवृत्त होऊन रत्नागिरीत घर शोधणारी मंडळी बहुधा डिसेंबरात येतात आणि गॅलरीतून समुद्र दिसला की व्यवहार ठरवून टाकतात, याची काळजी वाटते म्हणून हे पत्र. मिऱ्या आणि मांडवीचा किनारा आषाढातल्या उधाणात पाहायला हवा. मिऱ्याला धूपप्रतिबंधक बंधारा का लागतो आणि जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात तिथे जहाज येऊन का अडकले, हे तेव्हाच उमगते. खाऱ्या वाऱ्याने खिडकीच्या बिजागऱ्या गंजतात, स्लॅबमधील सळया फुगून गिलावा सुटतो. किनाऱ्यालगतच्या विहिरीचे पाणी वैशाखात मचूळ लागू शकते, म्हणून ते स्वतः चाखूनच पाहावे.

वरच्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या पठारावर, उधाणाची भीती नाही, मात्र जांभ्या कातळात पाणी फार काळ टिकत नाही. कुवारबाव, नाचणे ही गावे शहराला लागून असली तरी कारभार ग्रामपंचायतीचा असल्याने नळ, कचरा आणि गटार यांची चौकशी तिथेच करावी. रेल्वे स्थानक जवळ असल्याने मला स्वतःला कुवारबाव सोयीचे वाटते. वयस्करांसाठी मात्र दवाखाना आणि बाजार चालत गाठता येणारा मारुती मंदिर परिसर अधिक बरा.

नगरपरिषदेने व लगतच्या ग्रामपंचायतींनी प्रभागवार पाणीपुरवठ्याचे वेळापत्रक आणि पाणी तुंबणाऱ्या जागांची यादी कार्यालयाबाहेर लावावी, ही विनंती.

आपला,
एक वाचक, रत्नागिरी