‘भूक माझ्यावर आहे’ : गॉलवेहून मंगलला पत्र

गॉलवे, आयर्लंड
२३ नोव्हेंबर

प्रिय मंगल,

सप्रेम नमस्कार.

रविवारी तुझा फोन ठेवला आणि तशीच नाइट ड्यूटीला गेले, पण तुझा प्रश्न काही डोक्यातून जाईना. शाळेचा पट यंदा अठरावर आला, पहिलीत फक्त तीन मुलं, बाकीची सगळी पिवळ्या बसमधून इंग्रजी शाळेत. हे सांगताना तुझा आवाज बसला होता. आणि मग तू विचारलंस, "तिथल्या लोकांची पण स्वतःची भाषा होती ना गं? ती कुठं गेली?" मी घाईत म्हणाले, "आयरिश ना? गेली ती, आता नुसती पाट्यांवर उरलीय." हे उत्तर चुकीचं होतं, मंगल. म्हणून आज सुटीच्या दिवशी सईला शाळेत सोडून लिहायला बसले आहे.

तुला आधी एका म्हाताऱ्याची गोष्ट सांगते. मी इथं नवीन होते तेव्हाची. कॉनेमाराकडचे एक आजोबा आमच्या वॉर्डात होते. कॉनेमारा म्हणजे गॉलवेच्या पश्चिमेला समुद्राकाठचा मुलूख, सगळा दगड आणि दलदल, शेतांना दगडी गडग्यांचे कुंपण. दिवसा ते आमच्याशी इंग्रजीत बोलायचे. मग आजार वाढला, स्मृती जायला लागली, आणि एका रात्री ते इंग्रजी बोलेचनात. एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होते, "इश्का, इश्का." आम्ही तिघी नर्स होतो, तिघी बाहेरच्या. बरळताहेत, असं समजून मी त्यांच्या कपाळावर हात ठेवून उभी राहिले. तेवढ्यात फरशी पुसायला आलेल्या बाई थांबल्या, त्या त्याच भागातल्या. म्हणाल्या, "अगं, ते पाणी मागताहेत."

माणूस आपल्या देशात, आपल्या गावापासून तासाभरावर, आपल्या भाषेत पाणी मागतोय आणि पाणी देणाऱ्या कुणालाच ते कळत नाही. त्या भाषेचं नाव राज्यघटनेत पहिली अधिकृत भाषा म्हणून १९३७ सालापासून आहे, इंग्रजी तिथं दुसरी आहे. मला त्या रात्री फार अपराधी वाटलं.

त्या बाईंनी मला दोन-चार वाक्यं शिकवली. 'अन विल पीअन ओर्त?' म्हणजे दुखतंय का? शब्दशः अर्थ, 'वेदना तुझ्यावर आहे का?' भूक लागली तर 'तॉ ओक्रस ओरम', 'भूक माझ्यावर आहे'. आनंदही असाच अंगावर येतो. मी चकित झाले, कारण हे आपल्यासारखंच आहे गं! इंग्रजी माणूस स्वतःच भुकेला होतो, आणि आपल्याला मात्र भूक 'लागते', राग 'येतो', थंडी 'वाजते'. त्यांच्यातही एखादी गोष्ट आवडते म्हणजे ती 'माझ्यापाशी चांगली' असते. 'माझ्याकडे आहे' यासाठी वेगळं क्रियापद नाही, आपल्याकडेही नाही. 'हो' आणि 'नाही' असे सुटे शब्दच नाहीत त्यांच्यात. "जेवलास का?" विचारलं की "जेवलो" म्हणायचं, इतकंच. आपण तरी दुसरं काय करतो? आपलं सामान्यरूप शब्दाचं शेपूट बदलतं, तसं त्यांचा शब्द तोंड बदलतो, पहिलं अक्षरच वेगळं होतं. नमस्काराला ते 'जिआ ग्वित' म्हणतात, देव तुझ्यापाशी असो. त्याला उत्तर द्यायचं ते देव आणि मेरी तुझ्यापाशी असोत, असं, म्हणजे एक जास्तच. त्यातला 'जिआ' आणि आपला 'देव' एकाच मुळाचे. दोनला 'दो', तीनला 'त्री'. इंग्रजीतून ही भाषा शिकताना इथल्या मुलांना जिथं अडखळायला होतं, तिथं मला मराठीचा हात धरून पुढं जाता येतं. हे सुख मी कुणाला सांगणार? म्हणून तुला सांगते.

आजोबांची दोन मुलं इंग्लंडहून आली. पन्नाशीची, चांगली माणसं. बाप काय बोलतोय ते त्यांना कळत नव्हतं. थोरला मला म्हणाला, "आमच्याशी ते या भाषेत कधी बोललेच नाहीत. ती आमच्या काही कामाची नाही, असं म्हणायचे." शेवटच्या तीन दिवसांत त्या बापाचं बोलणं मुलांपर्यंत पोचवलं ते फरशी पुसणाऱ्या बाईंनी.

आता तुझ्या प्रश्नाकडे येते. भाषा एका दिवसात गेली नाही, आणि नुसती हुकुमानंही गेली नाही. इथं सरकारी शाळा १८३१ पासून सुरू झाल्या, त्या इंग्रजीतून. पोराच्या गळ्यात एक काठी बांधायचे, तिचं नाव 'बाटा स्कोर'. पोरगं आपल्या भाषेत एक शब्द बोललं की काठीवर एक खाच. संध्याकाळी खाचा मोजायच्या आणि तेवढे फटके. यातली सगळ्यात अवघड गोष्ट ही, मंगल, की घरी खाच पाडणारे आईबापच असत. ते दुष्ट नव्हते. १८४५ पासून बटाट्याचं पीक सडत गेलं, दहा लाख माणसं उपासमारीनं आणि तापानं मेली, आणखी दहा लाख बोटीत बसून निघून गेली. सगळ्यात जास्त माणसं गेली ती पश्चिमेकडून, जिथं ही भाषा घराघरात होती. मागं राहिलेल्यांनी एवढं पाहिलं, की पोराला बोस्टनला किंवा लिव्हरपूलला पोट भरायचं असेल तर इंग्रजी पाहिजे. जी भाषा बोलल्यानं उपाशी मरायला होतं, ती पोराच्या तोंडातून काढून घेणं म्हणजे त्यांच्या लेखी पोराला जगवणं होतं. तुझ्या गावातले आईबाप पिवळ्या बसची वाट बघत उभे असतात, तेव्हा त्यांच्या मनातही हीच काळजी असणार. त्यांच्यावर रागावू नकोस. मला तरी त्यांच्यावर रागावता येत नाही.

पण त्या काठीनं एक गोष्ट पेरली, ती म्हणजे लाज. आपण बोलतो ती भाषा गरिबाची, शेणामातीची, ही लाज. मग १८९३ मध्ये 'कॉनरा ना गेल्गे' नावाची संस्था निघाली, तिनं गावोगाव या भाषेचे वर्ग घेतले. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड. हे पाद्र्याच्या घरात वाढलेले, घरची भाषा इंग्रजी, पण रॉसकॉमनमधल्या गावच्या म्हाताऱ्या माणसांकडून त्यांनी ही भाषा शिकून घेतली. हेच हाइड १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. देश स्वतंत्र झाला, भाषा शाळेत सक्तीची झाली, आणि तिथून दुसरी लाज सुरू झाली. १९७३ पर्यंत या एका विषयात नापास झालं की शालान्त परीक्षेचं सर्टिफिकेटच मिळत नसे. व्याकरण घोकायचं, निबंध पाठ करायचे, आणि बारा-तेरा वर्षं शिकून साधी भाकरी मागता यायची नाही. माझ्या बरोबरच्या इथल्या नर्सना या भाषेबद्दल विचारलं की पहिलं वाक्य हेच, "माझी फार वाईट आहे गं." आजोबांच्या पिढीला ती येते याची लाज होती, नातींना ती येत नाही याची.

२०२२ च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजार लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येतं असं लिहिलं, म्हणजे दर शंभरात चाळीस. शाळेच्या बाहेर रोज बोलणारे किती? ७१,९६८. हे दोन आकडे मी स्वयंपाकघरातल्या फळ्यावर लिहून ठेवले आहेत.

तरीही मी फोनवर सांगितलं ते चूक, असं म्हणते ते का? कारण ही दुसरी लाज आता उतरायला लागली आहे, आणि ते मी डोळ्यांनी बघते आहे. त्याची सुरुवात बऱ्यापैकी आमच्या या किनाऱ्यावरूनच झाली. १९६९ च्या सुमाराला कॉनेमारातली तरुण मंडळी हक्क मागायला उठली. १९७० मध्ये त्यांनी परवान्याविना रेडिओ चालवून दाखवला, आणि १९७२ मध्ये सरकारला त्या भाषेचं खरं रेडिओ केंद्र काढावं लागलं. १९९६ मध्ये टीव्ही वाहिनी आली, आता तिचं नाव टीजी फोर. तिच्यावर हवामान, फुटबॉल, मुलांची कार्टूनं, सगळं या भाषेत. लहान मुलाला भाषेचा अभिमान शिकवता येत नाही, पण कार्टून आवडलं की ते बघतंच.

बेलफास्टची गोष्ट तर मला सगळ्यात जवळची. उत्तर आयर्लंड अजून ब्रिटनकडे आहे, तिथं या भाषेला सरकारी थारा नव्हता. १९६९ मध्ये काही तरुण जोडप्यांनी शॉज रोडवर वर्गणी काढून स्वतः घरं बांधली, मुलांना याच भाषेत वाढवायचं म्हणून. १९७१ मध्ये त्यांनी शाळा काढली, नऊ मुलांची. नऊ! तुझ्याकडे अठरा आहेत, मंगल. सरकारी मान्यता मिळायला त्यांना १९८४ साल उजाडलं, तोवर पदरमोड. आज बेलफास्टमध्ये या भाषेच्या कितीतरी शाळा आहेत. २०२२ मध्ये तिथं भाषेचा कायदाही झाला, आणि न्यायालयात इंग्रजीशिवाय दुसरी भाषा चालणार नाही असं सांगणारा १७३७ चा जुना कायदा रद्द करायची तरतूद त्यात आली. त्याच शहरातून नीकॅप नावाचा तिघांचा रॅप गट आला. त्यांच्या गाण्यातलं सगळंच मला पटतं असं नाही, शिवीगाळ फार आहे. पण आमच्या बसमध्ये कानात हेडफोन घालून सोळा-सतरा वर्षांची पोरं ती गाणी पुटपुटत असतात. जी भाषा त्यांच्या आजीला प्रार्थनेत आणि परीक्षेत भेटली, तीत या पोरांना भांडता येतं, प्रेम करता येतं. २०२३ मध्ये याच भाषेतला एक चित्रपट, 'अन कालीन क्यून', पहिल्यांदाच सर्वोत्कृष्ट आंतरराष्ट्रीय चित्रपटाच्या ऑस्कर नामांकनापर्यंत गेला. एका अबोल मुलीची गोष्ट आहे. मी थेटरात बघितला, बाहेर पडताना कुणी बोलत नव्हतं.

इथं एक म्हण आहे, 'इस फार गेल्गे व्रिश्ते नॉ बेर्ला क्लिश्ते', चलाख इंग्रजीपेक्षा मोडकी आयरिश बरी. पूर्वी ती भिंतीवर लावायची होती, आता लोक ती खरंच पाळायला लागलेत. दुकानात, पबमध्ये मोडकं-तोडकं बोलतात, चुकतात, पुढं जातात. आपल्या वराडकरांचंच बघ. मालवण तालुक्यातल्या वराड गावचं घराणं, वडील मुंबईहून आलेले डॉक्टर. लिओ वराडकर २०१७ मध्ये इथले पंतप्रधान झाले, आणि मोठेपणी ही भाषा नव्यानं शिकायला बसले.

काळजी नाही असं मात्र लिहिणार नाही. जिथं ही भाषा आईच्या दुधाबरोबर मिळते त्या भागांना 'गेलटाख्त' म्हणतात. तिथं शाळेबाहेर रोज बोलणारे उरलेत वीस हजारांच्या आसपास. तिथल्या मुलांना आता जमीन परवडत नाही, घर मिळत नाही. समुद्र दिसतो म्हणून शहरातले लोक सुटीसाठी घरं घेतात आणि दहा महिने ती कुलपात असतात. शहरातल्या पोरांनी भाषा उचलली ते उत्तमच, पण त्यांना चुकलेलं दुरुस्त करून सांगणारी, म्हणी आणि समुद्राच्या लाटांची नावं ठाऊक असलेली माणसं याच भागात आहेत. त्या बाईंचा मुलगा दोन वर्षं गावात घर शोधून शेवटी डब्लिनला गेला. भाषेचे कायदे खूप झाले, युरोपीय संघात २०२२ पासून तिला पूर्ण दर्जाही मिळाला. पण कॉनेमारातल्या तरुण जोडप्याला चार खोल्या मिळाल्या नाहीत, तर पुढच्या आजोबांना पाणी द्यायला त्या बाईसुद्धा नसतील. यात माझ्या मनात काही शंका नाही.

आता सईचं. तिला शाळेत आयरिश आवडते, तीच मला उच्चार शिकवते. पण मी मराठीत बोलले की ती उत्तर इंग्रजीत देते. आधी मी हसून सोडून द्यायचे. आता 'इश्का' आठवतं आणि पोटात गोळा येतो. मी रागावत नाही, काठीची गोष्ट वाचल्यापासून तर मुळीच नाही. गेल्या आठवड्यात तिच्या बाईंनी वर्गातल्या प्रत्येकाला घरच्या भाषेतलं काहीतरी म्हणून दाखवायला सांगितलं. सई 'अडगुलं मडगुलं' म्हणाली. वर्गात पोलंडचा एक मुलगा आहे, ब्राझीलची एक मुलगी आहे, आणि सगळ्यांनी तिच्याबरोबर टाळ्या धरल्या. घरी येऊन तिनं मराठीत विचारलं, "आई, अजून आहेत का असली?"

मला तेवढीच येत होती.

काकू जात्यावर बसून ओव्या म्हणायच्या, आपण मिरजेहून सुटीत आलो की पहाटे त्यांच्या आवाजानं जाग यायची. आता जातं नसेल, पण ओव्या त्यांना आठवत असतील. जॉर्ज ग्रिअर्सन नावाचे भाषेचे एक मोठे अभ्यासक होते, जन्म डब्लिनजवळचा. त्यांनी आपल्या देशातल्या भाषांची पाहणी केली. मराठी आणि तिच्या बोलींचा अख्खा खंड त्यात १९०५ मध्ये निघाला, आणि पुढं त्या पाहणीसाठी लोकांचे आवाज ग्रामोफोनवर घेतले गेले. आपल्याकडे तर प्रत्येकाच्या हातात फोन आहे. तू दुपारी शाळेतून आलीस की काकूंच्या शेजारी बस, फोन चालू कर आणि त्यांना म्हणायला लाव. विसरल्या, थांबल्या, मध्येच शेजारणीशी बोलल्या तरी काही खोडू नकोस. सगळं तसंच पाठव. आणि जमलं तर तुझ्या त्या अठरा पोरांच्या आवाजातलं एखादं गाणंही. सईच्या वर्गाला ऐकवायचं आहे, तिच्या बाईंना मी शब्द देऊन बसले आहे.

डिसेंबरच्या सुटीआधी पाठवलंस तर बरं. काकूंना माझा नमस्कार सांग, भाऊजींना पण. गुडघ्याचं औषध चालू ठेव म्हणावं काकूंना.

तुझीच,
स्मिता