वार्षिक सभेत बाकीच्यांनी बोलायचे कधी?

महोदय,

आमच्या सोसायटीची वार्षिक सर्वसाधारण सभा यंदाही एका सभासदाच्या आरडाओरड्यात उरकली. इतिवृत्त वाचायला घेतले की ते माइक ओढतात, टेबलावर हात आपटतात. टँकरच्या बिलांबद्दलचा त्यांचा प्रश्न रास्त आहे, पण उत्तर ते ऐकूनच घेत नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी लिफ्टबद्दल विचारायला आल्या होत्या, त्या न बोलताच परतल्या. याची फार चीड येते.

‘काढून टाका त्यांना’ म्हणणे सोपे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६०च्या कलम ३५नुसार हकालपट्टीला उपस्थितांचे तीन चतुर्थांश बहुमत आणि निबंधकांची मंजुरी लागते, आणि ते योग्यच आहे. त्यापेक्षा अध्यक्षांनी प्रश्न आधी लेखी मागवावेत, प्रत्येकाला तीन मिनिटे द्यावीत, विरोध इतिवृत्तात नोंदवावा आणि वेळ संपली की माइक पुढच्याकडे द्यावा.

– एक सभासद, कोथरूड, पुणे