बोनसवर मर्यादा, पगाराला मोकळीक

महोदय,

२००८च्या वित्तीय संकटात अमेरिकी सरकारने एआयजी ही विमा कंपनी करदात्यांच्या पैशाने तारली आणि ज्या विभागाच्या सौद्यांनी तिला गोत्यात आणले, त्याच विभागातील अधिकाऱ्यांना मार्च २००९मध्ये सुमारे १६.५ कोटी डॉलरचे बोनस वाटले गेले, तेव्हा उसळलेला संताप रास्तच होता. मात्र त्यातून निघालेल्या नियमांची गत पाहण्यासारखी आहे. युरोपीय संघाने २०१४पासून बँक अधिकाऱ्यांचा बोनस स्थिर वेतनाइतका, आणि भागधारकांची संमती असल्यास त्याच्या दुपटीपर्यंत, मर्यादित केला. बँकांनी स्थिर वेतनच वाढवले, म्हणजे वाईट वर्षातही कापता न येणारा खर्च फुगला. ब्रिटनने २०२३मध्ये ही मर्यादा काढून टाकली. अमेरिकेत २०१०च्या डॉड-फ्रँक या वित्तीय सुधारणा कायद्याने सांगितलेले प्रोत्साहनपर वेतनाचे, म्हणजे बोनससारख्या मोबदल्याचे, नियम तर वर्षानुवर्षे मसुद्यातच अडकले. (मसुदे मात्र एकाहून अधिक निघाले!)

कर्ज बुडाल्याचे कळते काही वर्षांनी, बोनस मात्र त्याच वर्षी खिशात पडतो. खरी गोम इथे आहे. त्यामुळे रकमेपेक्षा ती हाती पडण्याच्या वेळेवर नियमन हवे. बोनसचा मोठा हिस्सा रोखून ठेवण्याची आणि तोटा उघड झाल्यास वसूल करण्याची तरतूद अनेक देशांत कागदावर आहेच. ती किती जणांवर वापरली, हे नियामकांनी दरवर्षी जाहीर करावे.

– एक वाचक