ओन्यातेचा पाय

चि. सईस,
अनेक आशीर्वाद.

न्यू मेक्सिकोत स्पॅनिश वसाहत वसवणाऱ्या ओन्यातेचे पुतळे हटवावेत, या बाजूने बोलण्यासाठी तू केलेलं टिपण वाचलं. त्यातली पहिलीच ओळ, 'ओन्याते क्रूर होता', खोडून टाक. समोरचे, पुतळे राहावेत म्हणणारे, ती मान्य करून म्हणतील, 'त्या काळी सगळेच तसे होते', आणि तू अडकशील. त्यापेक्षा त्याच काळाचा दाखला दे. १६१४ साली स्पॅनिश सत्तेनेच त्याला दोषी धरून न्यू मेक्सिकोतून कायमचं हद्दपार केलं. आरोपांत अकोमा या तिथल्या मूळनिवासी गावच्या लोकांवरचा अतिरेकही होता. पुढे त्याने अपील केलं, स्पेनमध्ये त्याला पदही मिळालं. ते समोरचे काढतीलच, तेव्हा तूच आधी सांगून टाक.

ओन्यातेने अकोमाच्या लोकांविरुद्ध दिलेला फेब्रुवारी १५९९ चा निकाल शब्दशः वाच. पंचविशीवरच्या २४ पुरुषांना एक पाय तोडण्याची शिक्षा आणि वीस वर्षं वेठ. बारा वर्षांवरच्या बायकांनाही वीस वर्षं वेठ. इथे 'शिक्षा सुनावली' एवढंच म्हण. पाय तोडले की फक्त बोटं, यावर अभ्यासकांत वाद आहे. 'पाय तोडले' म्हणालीस की चर्चा तिथेच भरकटेल.

समोरच्यांचं दुखणं मात्र हलक्यात घेऊ नकोस. १८४८ ला न्यू मेक्सिको अमेरिकेकडे गेल्यावर तिथे दुय्यम ठरलेल्या स्पॅनिशभाषकांना 'आम्हीही इथलेच, जुने' हे सांगायला घोड्यावरचा ओन्याते हवा होता.

तुझी खरी कच्ची बाजू म्हणजे मागणीच धूसर आहे. काय हटवायचं? आकृती, नाव, फलक की जागा? टेक्ससमधल्या एल पासो शहराने २००३ साली आपल्या पुतळ्याचं नुसतं नाव बदलून 'घोडेस्वार' केलं. ३६ फुटी ओन्याते तसाच उभा राहिला, आणि समाधान कुणाचंच झालं नाही. (आपल्या काळ्या घोड्याचं उलटं. तिथे १९६५ ला एडवर्ड राणीच्या बागेत गेला आणि २०१७ ला नवा घोडा आला तो स्वाराविनाच.) न्यू मेक्सिकोतल्या अल्बुकर्की शहरात तडजोड म्हणून एकीकडे ओन्याते आणि वसाहतवाल्यांचा ब्रॉन्झचा तांडा, शेजारी नोरा नारान्हो-मोर्स यांची मातीतली सर्पिल वाट, असं २००५ मध्ये मांडलं. जून २०२० मध्ये आंदोलनात गोळी लागून एक जण जखमी झाला, दुसऱ्या दिवशी पालिकेने फक्त ओन्याते उचलला. बायकामुलं, बैलगाडी तिथेच राहिली. मला हा निर्णय पटतो. तू तेवढंच माग.

न्यू मेक्सिकोतल्याच अल्काल्दे गावच्या ओन्यातेच्या पुतळ्याचा फोटो दाखवणार असशील तर जवळून काढलेला निवड. १९९७-९८ च्या हिवाळ्यात कुणीतरी उजवा पाय करवतीने कापून नेला आणि नवा ओतून बसवला, त्याचा सांधा दिसला पाहिजे.

तुझी,
आई