घोड्याला पाणी कधी पाजले?

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत वाळवंटातील घोड्यावरच्या प्रवासाविषयी आलेला लेख मी दोनदा वाचला. वाळूच्या टेकड्या, उघड्यावरचा मुक्काम, स्वाराचे फुटलेले ओठ आणि सोललेल्या मांड्या हे सारे त्यात रंगून आले आहे. मात्र आठवडाभराच्या त्या वाटचालीत घोड्याला पाणी पाजल्याचा उल्लेख एकदाही नाही. दुसऱ्या वाचनात मी मुद्दाम तेवढेच शोधत होतो. पाणी पाजलेच नसेल असे मला म्हणायचे नाही, कारण तसे असते तर लेख तिसऱ्या दिवशीच संपला असता. कोणीतरी पाजले असणारच, पण लेखकाला ते लिहिण्याजोगे वाटले नाही, आणि माझी तक्रार नेमकी तिथे आहे.

मी चिकोडी तालुक्यातला. पशुसंगोपन खात्यातली नोकरी संपल्यावर चार वर्षांपूर्वी, फाल्गुनाच्या सुरुवातीला, पुतण्याच्या आग्रहाखातर मी थरच्या वाळवंटात सात दिवस घोड्यावर काढले. फलोदीकडून निघून रामदेवरा आणि पोकरण करत आम्ही जैसलमेरच्या बाजूला उतरलो. रोजची मजल 25 ते 30 किलोमीटरांची, म्हणजे मोटारीने अर्ध्या तासाची. सहा घोडे, सहा स्वार, घोड्यांची निगा राखणारे दोन मोतद्दार आणि आडवाटेने पुढे जाणारी एक जीप, असा लवाजमा होता. त्या जीपमध्ये आमचे सामान किती होते हे पाहिले तर हसू येई. बाकी सगळी जागा पाण्याच्या टाकीने आणि चाऱ्याच्या पोत्यांनी व्यापलेली होती. उभा असलेला घोडासुद्धा दिवसाला 25 ते 40 लिटर पाणी पितो आणि उन्हात स्वार घेऊन चालला की ते सहज दुप्पट होते. सहा घोड्यांचा हिशेब वाचकांनीच करावा, म्हणजे वाळवंटातल्या अशा प्रवासाचा खरा नकाशा विहिरींचा आणि टाक्यांचा का असतो ते कळेल.

घोडा म्हणजे उंट नव्हे, हे वाक्य बाळबोध वाटेल. पण त्यामागचे कारण पुष्कळांना ठाऊक नसते. उंट घाम फार राखून गाळतो. घोडा माणसासारखा अंगभर घामाने निथळतो आणि कडक उन्हात जोराच्या कामाला तासाला दहा लिटरांहून अधिक पाणी गमावू शकतो. माणसाचा घाम रक्ताच्या मानाने पातळ असतो, त्यामुळे घाम गेला की रक्त खारट होते आणि तहान लागते. घोड्याचा घाम रक्ताइतकाच, किंबहुना अधिक खारट असतो. पाण्याबरोबर मीठही निघून जाते आणि शरीर सुकत चालले तरी तहानेची जाणीव मंद राहते. म्हणून पाण्यासमोर उभा राहूनही तोंड न लावणारा घोडा तृप्त आहे असे समजणे धोक्याचे असते. आमचा म्हातारा मोतद्दार दर संध्याकाळी भिजवलेल्या कोंड्यात मूठभर मीठ घाली. शाळेची पायरी न चढलेल्या त्या माणसाला हे शास्त्र आमच्या पुस्तकांच्या कितीतरी आधीपासून ठाऊक होते.

मारवाडी घोड्यांचे रूप लेखात आले आहे, ते योग्यच आहे; आत वळून टोकाला टोक भिडवणारे ते कान पाहिले की कोणीही भुलेल. आमच्याकडे पावसाळा सरल्यावर मेंढरांमागून सामानाची तट्टे हाकत जाणारे धनगर सांगतात की घोडे दमले की आधी कान ढिले पडतात. मी सातही दिवस माझ्या घोडीचे कान पाहत बसलो होतो. चौथ्या दिवशी सकाळी ते पडलेले दिसले. खोगीर उतरवले तर मानेच्या मुळाशी तळहाताएवढी सूज होती आणि हात लावताच कातडी थरथरत होती. मोतद्दाराने नकारार्थी मान हलवली, पण आयोजकांच्या माणसाने पावडर लावून पुढे निघायला सांगितले. मी ऐकले नाही. त्या दिवशी अकरा किलोमीटर मी लगाम हातात धरून घोडीशेजारून चाललो, आणि वाळूत अकरा किलोमीटर म्हणजे काय हे घोड्याच्या बाजूने थोडेसे समजले. आपल्या भाषेत ‘खोगीरभरती’ हा शब्द बिनकामाच्या गर्दीसाठी वापरतात, हा त्या शब्दावर अन्यायच आहे. खोगिरात काय भरले आहे आणि ते कुठे दबून गोळा झाले आहे, यावर घोड्याची पाठ राहणार की जाणार हे ठरते.

रामदेवऱ्याला आम्ही अर्धा दिवस थांबलो. तिथे रामदेवबाबा या लोकदेवतेला कापडी घोडे वाहण्याची प्रथा आहे आणि देवाची मूर्तीही घोड्यावर बसलेली. मला मंगसुळीच्या खंडोबाची आठवण झाली. घोड्यावरच्या देवाला भजणारे आपण दोन्ही मुलखांतले लोक खऱ्या घोड्याकडे किती पाहतो, हा प्रश्न तेव्हापासून मनात आहे.

दीर्घ पल्ल्याच्या घोडेस्वारीचा जो इतिहास जगाने जपला आहे, त्यात घोड्यांचीच नावे पुढे राहिली आहेत. 1935 साली तुर्कमेन स्वार अश्गाबादहून निघून 84 दिवसांत मॉस्कोला पोहोचले. ती वाट सुमारे 4,300 किलोमीटरांची होती आणि तिच्यात काराकुमचे वाळवंट होते. त्या स्वारांची नावे किती जणांना सांगता येतील? अखल-टेके या त्यांच्या घोड्यांच्या जातीचे नाव मात्र त्या प्रवासासह सर्वत्र घेतले जाते. एमे शिफेली हा शिक्षक 1925 मध्ये ब्युनोस आयरिसहून मांचा आणि गातो हे क्रियोयो जातीचे दोन घोडे घेऊन निघाला. पेरूच्या किनाऱ्यावरचे वाळवंट ओलांडून तो 1928 मध्ये न्यूयॉर्कला पोहोचला. ज्या दिवशी तो पोहोचला, तो 20 सप्टेंबर हा दिवस अर्जेंटिनात आज राष्ट्रीय अश्वदिन म्हणून पाळला जातो. निघताना दोन्ही घोडे ऐन उमेदीतले नव्हते, आणि परतल्यावर दोघेही वयाची पस्तिशी ओलांडून जगले. मला या प्रवासात अंतरापेक्षा ही शेवटची गोष्ट मोठी वाटते.

आता मूळ मुद्द्याकडे येतो, कारण केवळ एका लेखावर टीका करण्यासाठी मी हे पत्र लिहिलेले नाही. लांब पल्ल्याच्या अश्वशर्यतींच्या खेळात, वाळवंटात असो वा डोंगरात, टप्प्याटप्प्यावर पशुवैद्य उभे असतात. विश्रांतीतल्या घोड्याची नाडी मिनिटाला 28 ते 44 असते. धावून आल्यावर ती ठरावीक मिनिटांत साधारण 64 पर्यंत किंवा त्याखाली उतरावी लागते. उतरली नाही, किंवा घोडा लंगडताना दिसला, तर तो बाद होतो. रेषा सर्वांत आधी ओलांडलेल्या घोड्यालाही हाच नियम लागू असतो. म्हणजे घोडा किती लवकर आला याच्या जोडीला तो कोणत्या अवस्थेत आला हेही पाहिल्यावरच निकाल लागतो.

आपल्या सीमाभागात चिकोडी, निपाणी, रायबाग, अथणी या पट्ट्यांत यात्रेनिमित्त घोडागाड्यांच्या शर्यती भरतात. मी त्या लहानपणापासून पाहत आलो आहे आणि त्या बंद व्हाव्यात असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. या शर्यतींमुळेच अनेक घरांत आज दावणीला घोडा आहे. पण डांबरी रस्त्यावर धावणारे खूर, दोन्ही बाजूंनी हॉर्न वाजवत पळणाऱ्या मोटारसायकली, आणि शर्यत संपताच गुलालाच्या धुरळ्यात तसाच जखडून ठेवलेला, नाकपुड्या फेंदारून धापा टाकणारा विजेता घोडा हे दृश्य मला नोकरीत असतानाही पाहवत नसे. ‘घोडा का अडला’ या कोड्याचे उत्तर आपल्याकडे पोरासोरांनाही पाठ असते. तरी धावून आलेल्या घोड्याला अर्धा तास हळूहळू फिरवावे, हे ऐन वेळी कोणाला सुचत नाही.

यात्रा कमिट्यांना माझी विनंती एवढीच आहे की, बक्षीस जाहीर करण्यापूर्वी पहिल्या तीन गाड्यांच्या घोड्यांची नाडी तपासावी. त्यासाठी यंत्र लागत नाही. जबड्याच्या खालच्या कडेला आतून बोट ठेवले की शीर लागते. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणायचे. आपल्या शर्यती थोड्या किलोमीटरांच्या असल्याने वाळवंटातला आकडा इथे जसाच्या तसा लावू नये. किती मिनिटांत नाडी किती उतरावी, हे तालुक्याच्या पशुवैद्यकीय अधिकाऱ्यांनी ठरवून द्यावे. सोबत पाण्याची टाकी आणि सावलीचा मांडव हवा. बक्षिसाच्या रकमेपुढे हा खर्च किरकोळ आहे.

आपल्या वार्ताहरांनाही एक विनंती आहे. पुढच्या हंगामात शर्यतीची बातमी देताना गाडीमालकाचे नाव आणि वेळ यांच्या शेजारी घोड्याची नाडीही छापावी. मोजली नसेल, तर मोजली नाही असे छापावे.

आपला विश्वासू,
एक निवृत्त पशुसंगोपन कर्मचारी,
ता. चिकोडी, जि. बेळगाव